युरोपातली स्वस्त विमानं: चेक-इन, बोर्डिंग पास आणि काउंटरवरचा भुर्दंड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रायनएअर, विझ एअर, ईझीजेट, व्युएलिंग. युरोपात दोन-तीन शहरं करायची म्हटली की यांतल्या एखाद्या कंपनीशी गाठ पडतेच. तिकीट इतकं स्वस्त असतं की आपण नियम न वाचताच पैसे भरून मोकळे होतो, आणि मग विमानतळावर तिकिटापेक्षा मोठी रक्कम मोजावी लागते. ओळखीतले लोक निघायच्या आदल्या रात्री जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. शुल्कं अधूनमधून बदलतात, त्यामुळे बुकिंग करताना कंपनीच्या शुल्कांच्या तक्त्यावर एकदा नजर टाकाच.

तिकीट काढलं, पैसे भरले. मग चेक-इन वेगळं कशाला?

तिकीट म्हणजे जागा विकत घेतल्याची पावती. चेक-इन म्हणजे ‘मी या विमानाने येतोय’ असं कंपनीला कळवणं: पासपोर्टचा तपशील भरायचा, आसन क्रमांक घ्यायचा. ते झालं की बोर्डिंग पास तयार होतो. मोठ्या कंपन्यांमध्ये हे काम काउंटरवरचा माणूस करतो आणि त्याचे पैसे वेगळे लागत नाहीत. स्वस्त कंपन्यांनी ते प्रवाशाकडे सोपवलं. रायनएअरने १ ऑक्टोबर २००९ पासून ऑनलाइन चेक-इन सगळ्यांना सक्तीचं केलं आणि विमानतळावरची चेक-इनची टेबलं जवळपास मोडीत काढली. तेव्हापासून काउंटरवर चेक-इन करून घेणं ही त्यांच्या लेखी विकत घ्यायची सेवा आहे.

पैसे नक्की कशाचे घेतात? एका कागदाचे ५५ युरो?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. हे पैसे कागदाचे नाहीत, मुदत चुकल्याचे आहेत.

रायनएअरकडे दोन वेगळी शुल्कं होती आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं, विमानतळावर चेक-इन करण्याचं: माणशी, एका बाजूच्या प्रवासाला ५५ युरो (ब्रिटनमधून निघत असाल तर ५५ पौंड). स्पेनमधून निघणाऱ्या विमानांसाठी हा आकडा ३० आहे. दुसरं, बोर्डिंग पास पुन्हा छापून देण्याचं: २० युरो. हे दुसरं त्यांच्यासाठी होतं ज्यांनी घरी चेक-इन केलं, पण छापलेला कागद हॉटेलातच विसरला. तुम्ही चेक-इनच केलेलं नसेल, तर ‘फक्त कागद छापून द्या हो’ या विनवणीचा उपयोग नसतो. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही अजून प्रवासी झालेलाच नसता.

चौघांचं कुटुंब असेल तर ५५ चोक २२० युरो. बऱ्याचदा चौघांच्या तिकिटांनाही एवढे पैसे पडलेले नसतात.

ऑगस्ट २०२३ मधलं एक प्रकरण फार गाजलं. एक वयस्कर ब्रिटिश जोडपं लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून फ्रान्सला निघालं होतं. त्यांनी ऑनलाइन चेक-इन केलं होतं, पण जातानाच्या ऐवजी परतीच्या विमानाचं. काउंटरवर दोघांचे मिळून ११० पौंड भरावे लागले. त्याआधी २०१२ मध्ये पाच पासांचे ३०० युरो आकारल्याची बातमीही अशीच जगभर फिरली होती. दोन्ही वेळा लोक खवळले, कंपनीने मात्र नियमाकडे बोट दाखवलं. मी स्वतः एकदा याच्या उलट केलं होतं. जातानाचं चेक-इन झालं या आनंदात परतीचं राहूनच गेलं. कंपनी दुसरी होती, पण काउंटरवरचं हसू तेच.

आता कागद बंदच झालाय म्हणे?

रायनएअरपुरतं खरं आहे. १२ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनी घरी छापलेला बोर्डिंग पास घेणं थांबवलं. चेक-इन झालं की पास त्यांच्या ॲपमध्ये येतो आणि फाटकावर फोनच दाखवायचा. मोरोक्कोतून निघणाऱ्या विमानांना मात्र तिथल्या नियमांमुळे सुरुवातीला कागदाची सवलत ठेवली होती. तिकडून निघणार असाल तर ईमेलमधल्या सूचना नीट वाचा. इतर कंपन्यांमध्ये कागद अजून चालतो.

फोनची बॅटरी संपली, फोन हरवला, आईकडे स्मार्टफोनच नाही. मग?

ऑनलाइन चेक-इन वेळेत झालेलं असेल, तर रायनएअर विमानतळावर कागदी पास फुकट काढून देते. वर सांगितलेल्या २० युरोंचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला. स्मार्टफोन नसलेल्या माणसाचं चेक-इन संकेतस्थळावरून दुसऱ्या कोणीही करून द्यावं, पास काउंटरवर घ्यावा. एका बुकिंगवर चारजण असतील तर चौघांचे पास एकाच फोनमध्ये राहतात. पण तो फोन ज्याच्या खिशात आहे तो सुरक्षा तपासणीत पुढे गेला, तर उरलेले तिघं अलीकडेच अडकतात. शक्य असेल तर दोन फोनांत पास घेऊन ठेवा.

चेक-इन उघडतं कधी आणि बंद कधी होतं?

या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे मात्र राहू द्या.

रायनएअर: आसन पैसे देऊन निवडलं असेल तर ६० दिवस आधी उघडतं. निवडलं नसेल तर फक्त २४ तास आधी. बंद होतं सुटण्याच्या २ तास आधी. विझ एअरचं ३ तास आधीच बंद होतं, आणि एका कंपनीच्या सवयीने दुसरीकडे जाणारे नेमके या एका तासात सापडतात. ईझीजेट ३० दिवस आधी उघडते, २ तास आधी बंद करते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आसन न घेतलेल्या माणसाला रायनएअरवर एकूण २२ तासांचीच खिडकी मिळते. जाताना ती घरी असताना उघडते, त्यामुळे सहज जमून जातं. परतीची खिडकी उघडते तेव्हा तुम्ही कुठल्यातरी किल्ल्यावर, बोटीत नाहीतर डोंगरात असता. रेंज नसते, हॉटेलचं वायफाय कुरकुरत असतं आणि सुट्टीत तारखांचं भान कोणाला असतं? सकाळी ६ च्या विमानाचं चेक-इन पहाटे ४ ला बंद होतं, म्हणजे ते आदल्या दिवशीच करायचं असतं. काउंटरवर पैसे भरणाऱ्यांत परतीचे प्रवासी म्हणूनच बरेच असतात.

परतीच्या विमानाच्या बरोबर २४ तास आधीचा गजर तिकीट काढलं त्याच दिवशी फोनमध्ये लावून ठेवा. गजर लावताना वेळ कुठली ते बघा: तिकिटावर निघण्याच्या गावाची स्थानिक वेळ असते. लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे चालतं, अथेन्सचं एक तास पुढे.

दुसरा मार्ग पैशांचा. परतीचं सगळ्यात स्वस्त आसन विकत घेतलं की चेक-इन कितीतरी दिवस आधी उघडतं आणि दोन्ही बाजूंचं काम घरबसल्या उरकतं. विसरभोळ्या माणसासाठी हे थोडे युरो सत्कारणी लागतात.

आसन निवडलं नाही तर आम्हाला वेगवेगळं बसवतात का?

बहुतेक वेळा हो. दीड-दोन तासांचा प्रवास असतो, कोणी हरवत नाही.

आमचा पासपोर्ट भारतीय आहे. चेक-इनला काही फरक पडतो?

पडतो, आणि तो शुल्कापेक्षा महागात जाऊ शकतो.

युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांची व्हिसा आणि कागदपत्रं रायनएअर आणि विझ एअर सुरक्षा तपासणीच्या आधी वेगळ्या टेबलावर पाहतात. पास फोनमध्ये आला म्हणजे आपण थेट फाटकावर जाऊ शकतो, असं समजू नका. पास मिळताना त्यावर व्हिसा किंवा कागदपत्रं तपासून घेण्याबद्दल सूचना आहे का ते बघा. असेल तर आधी ते टेबल शोधा. तसं न करता फाटकापर्यंत पोचलात, तर तिथून उलटं पाठवतात, आणि तोवर रांग संपून फाटक बंद झालेलं असतं. हातात फक्त छोटी पिशवी असली तरी हे चुकत नाही. नेहमीच्या हिशेबात अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

व्हिसाचा सापळा वेगळाच. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. डब्लिन आणि लंडन त्यात नाहीत. शेंगेन व्हिसावर पॅरिसहून डब्लिनचं स्वस्त तिकीट काढून बसलेले लोक मी पाहिलेत. चेक-इन झालं, पासही आला, टेबलावर अडले. चेक-इनच्या वेळी संगणक पासपोर्टचा क्रमांक विचारतो, व्हिसा चालेल की नाही याची हमी तो देत नाही. तसंच एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असताना मध्येच लंडनला जाऊन परत येता येत नाही, बाहेर पडलात की तो संपला.

शेंगेन हद्दीत येता-जाता बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शेंगेनबाहेर जाणारं विमान असेल तर त्या रांगेचाही वेळ धरावा लागतो.

नावात चूक झाली आहे. दुरुस्त होईल का?

एखाद्या अक्षराची चूक असेल तर बुकिंगनंतर लगेच कंपनीच्या चॅटवर सांगा, सहसा फुकट दुरुस्त करतात. मात्र पूर्ण नाव बदलणं म्हणजे माणूस बदलणं असं ते धरतात आणि त्याचं शुल्क बहुधा नव्या तिकिटापेक्षा जास्त असतं. आपल्याकडे गोंधळ होतो तो वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा. पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाला जोडून छापलेलं असेल, तर तिकिटावरही पासपोर्टवरच्या दोन रकान्यांत जसं आहे तसंच लिहा. चेक-इन करण्याआधी नाव तपासा. चेक-इन झाल्यावर दुरुस्ती करायची तर आधी ते रद्द करून घ्यावं लागतं, म्हणजे चॅटवर आणखी एक रांग.

तिकीट दुसऱ्याच संकेतस्थळावरून काढलं होतं. चेक-इन होत नाहीये.

मध्यस्थ संकेतस्थळं कधीकधी बुकिंगमध्ये स्वतःचाच ईमेल टाकतात. मग कंपनीच्या सूचना तुमच्यापर्यंत येतच नाहीत आणि बुकिंग क्रमांकासोबत तुमचा ईमेल टाकला की ‘असं बुकिंग सापडत नाही’ असं उत्तर मिळतं. आधी मध्यस्थाकडून बुकिंगमध्ये वापरलेला ईमेल मिळवा. रायनएअर तर मान्यता नसलेल्या मध्यस्थांकडून आलेल्या प्रवाशाची ओळख पटवून घेतल्याशिवाय चेक-इन करूच देत नाही. पटकन होणाऱ्या पडताळणीला थोडे पैसे लागतात, फुकटातलीला जास्त वेळ. हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्री सुरू केलं तर जीव मेटाकुटीला येतो. चार युरो वाचवायला मध्यस्थाकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. या कंपन्यांची तिकिटं त्यांच्याच संकेतस्थळावर काढावीत.

फुकट बॅग केवढी नेता येते?

आसनाखाली मावेल एवढी एक. रायनएअर आणि विझ एअर ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर, ईझीजेट ४५ बाय ३६ बाय २०. चाकं आणि मूठ धरूनच मोजतात. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग वेगळी विकत घ्यावी लागते. ती बुकिंगच्या वेळी घ्या. फाटकावर हाच व्यवहार सगळ्यात महाग पडतो, रायनएअरवर ७५ युरोंपर्यंत. आणि डोळेझाक होईल या आशेवर राहू नका. मोठी बॅग पकडून दिल्याबद्दल रायनएअर कर्मचाऱ्यांना दर बॅगेमागे बक्षीस देते. नोव्हेंबर २०२५ पासून ते दीड युरोवरून अडीच युरो केलं.

मांडीवरच्या बाळाचंही चेक-इन लागतं?

लागतं. बाळाला आसन नसलं तरी नाव बुकिंगमध्ये हवं आणि पासपोर्टही. ‘फुकट’ हा शब्द इथेही विसरा. दोन वर्षांखालच्या बाळासाठी रायनएअर एका बाजूचे २५ युरो घेते.

काउंटरवर भरलेले पैसे परत मिळतात का? हे कायद्यात बसतं?

परत मिळणं अवघड आहे, कायद्याचा भाग मात्र वाचण्यासारखा आहे.

युरोपीय संघाचं २००८ चं १००८ क्रमांकाचं नियमन सांगतं की टाळता न येणारे सगळे खर्च भाड्याच्या पहिल्याच आकड्यात दाखवले पाहिजेत. २३ एप्रिल २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने रायनएअरच्याच एका खटल्यात त्याचा अर्थ लावला: चेक-इनचा एकही फुकट मार्ग नसेल तर त्याचं शुल्क पहिल्यापासून भाड्यात धरलं पाहिजे. आता यातली मेख बघा. ऑनलाइन चेक-इन फुकट ठेवलं की काउंटरवरचं शुल्क ‘टाळता येण्याजोगं’ ठरतं. मग ते वेगळं आकारायला वाट मोकळी. अशा कंपनीचं ऑनलाइन चेक-इन फुकट असतं, त्यामागचं हेही एक कारण.

स्पेनने मात्र वेगळी भूमिका घेतली. तिथल्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच विमान कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. मुख्य कारण हातातल्या बॅगेचे पैसे. रायनएअरच्या वाट्याला त्यातले सुमारे १०.८ कोटी आले, आणि तिच्यावरच्या आरोपांत बोर्डिंग पास छापण्यासाठी अवाच्या सवा पैसे घेणं हाही होता. कंपन्या कोर्टात गेल्या. त्यामुळे या दंडाचा हवाला देऊन काउंटरवर वाद घालू नका. समोरच्या माणसाकडे शुल्क माफ करण्याचा अधिकारच नसतो, आणि तुमचं विमान त्या वादासाठी थांबत नाही.

तक्रारीत दम असतो तो एकाच वेळी: मुदतीच्या आत तुम्ही प्रयत्न केला आणि कंपनीचंच संकेतस्थळ किंवा ॲप चाललं नाही. अशा वेळी वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, ताबडतोब चॅटवर लिहा, ते संभाषण जपून ठेवा. पैसे भरावे लागले तर पावती घ्या आणि नंतर लेखी परतावा मागा. स्क्रीनशॉट नसेल तर तुमचा शब्द आणि त्यांची नोंद यांत नोंद जिंकते.

भारतात तर बोर्डिंग पासचे पैसे घेता येत नाहीत ना?

बरोबर. काही कंपन्यांनी काउंटरवरच्या चेक-इनसाठी २०० रुपये घ्यायला सुरुवात केली होती. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २१ जुलै २०२२ रोजी ते थांबवायला सांगितलं. विमान नियम १९३७ मधल्या नियम १३५ प्रमाणे हे शुल्क भाड्यात मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सवयीमुळेच आपण युरोपात गाफील राहतो. तो नियम भारतापुरता, स्टॅन्स्टेडच्या काउंटरवर तो सांगून उपयोग नाही.

सगळ्याच स्वस्त कंपन्या असं करतात?

नाही. ईझीजेट आणि ब्रिटनमधली जेटटू विमानतळावरच्या चेक-इनचे पैसे घेत नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील, फोनशी फारसं जमत नसेल, तर तिकीट थोडं महाग दिसलं तरी अशी कंपनी शेवटी स्वस्त पडते.

एवढ्या पैशांशी यांना करायचं काय असतं?

त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. रायनएअरच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरच्या गोष्टींतून येतो: बॅगा, आसनं, आधी चढण्याची सोय, विमानातलं खाणंपिणं, शुल्कं. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत २५ मिनिटं ठेवायची, काउंटर कमी म्हणजे विमानतळाला द्यायचं जागेचं भाडं कमी, माणसंही कमी. या गणितात काउंटरवर येणारा प्रवासी त्यांना नकोच असतो. काउंटरवरचं शुल्क कमाईसाठी कमी आणि धाकासाठी जास्त, असा कंपनीचा दावा. माझ्या मते दोन्ही खरं आहे. धाकच हवा असता तर पंधरा युरोंनीही बसला असता.

उशीर झाला आणि फाटक बंद झालं. भरपाई मिळेल?

नाही. चेक-इन वेळेत झालं म्हणजे झालं असंही नाही. रायनएअरचं फाटक सुटण्याच्या २० मिनिटं आधी बंद होतं, ईझीजेटचं ३० मिनिटं आधी. युरोपीय संघाचं २००४ चं २६१ क्रमांकाचं नियमन भरपाई देतं ती कंपनीने विनाकारण चढू दिलं नाही, उड्डाण रद्द केलं किंवा फार उशीर केला तर. कागदपत्रं अपुरी म्हणून अडवलं, किंवा तुम्हीच उशिरा पोचलात, तर ते त्यात बसत नाही. रायनएअर अशा प्रवाशाला १०० युरो घेऊन पुढच्या उपलब्ध विमानात जागा देते, पण मूळ विमान सुटून एक तास व्हायच्या आत विमानतळावरच मागावं लागतं.

आत्ता विमानतळावरच उभी आहे. चेक-इन केलेलं नाही. काय करू?

रांगेत उभं राहण्याआधी घड्याळ बघा. विमान सुटायला २ तासांहून जास्त वेळ असेल (विझ एअर असेल तर ३ तासांहून), तर रांग सोडा, बाजूला बसा आणि फोनवर चेक-इन करा, अजून फुकट आहे. पासपोर्ट हातात ठेवा. आसन, विमा, गाडी वगैरे विकणारे पडदे एकामागून एक येतील, ते सगळे नाकारत शेवटापर्यंत जा. पास पडद्यावर दिसेपर्यंत चेक-इन झालेलं नसतं, मधेच सोडून दिलेलं धरत नाहीत.

मुदत उलटली असेल तर सामान ठेवायच्या रांगेत वेळ घालवू नका. तिकिटांचं टेबल वेगळं असतं, सरळ तिथे जा, कार्डाने पैसे भरा, पावती घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर कागदपत्रं तिथेच दाखवता येतील का ते विचारा, म्हणजे दुसरी रांग वाचेल. आणि ते लोक पास काढेपर्यंत परतीच्या विमानाचं चेक-इन कधी उघडतंय ते बघून गजर लावून टाका.